पांदणीतून आल्यावर गाडी वाजते : पिकअपच्या नोंदी

गाडी : फोर बाय फोर डिझेल पिकअप, २०१३ ची. पुढे टॉर्शन बार आणि डिस्क ब्रेक, मागे कमानी (एकावर एक पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा) आणि ड्रम. काम : सबमर्सिबल मोटरी काढणं-टाकणं. मुक्काम : दिघोरी, नागपूर.

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार. मीटर १,४७,२१२

हात धुण्याआधी लिहून ठेवतो. आवाज रात्रभरात कानातून निघून जातात आणि मग मेकॅनिकसमोर "काहीतरी वाजतं" एवढंच सांगता येतं.

पारशिवनीकडच्या एका वावरातली पाच एचपीची मोटर रेतीनं जाम झाली होती. आमडी फाट्यावरून आत वळलो, डांबर संपलं, पांदण लागली. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या तुडुंब भरलेल्या. डाल्यात (मागच्या हौद्यात) मोटर उचलायची घोडी, साखळी-कप्पी, पाइपाचं वेटोळं, बदलीची मोटर, मिळून पाचेकशे किलो वजन. जाताना फोर व्हील टाकून सुखरूप पोचलो.

परतताना डावं मागचं चाक ट्रॅक्टरच्या जुन्या चाकोरीत उतरलं आणि गाडी कमानीवर बसली. अर्धा तास पुढे-मागे करून पाहिलं. काळी माती चाकाला अशी धरते की टायरची नक्षीच दिसेनाशी होते, नुसता गुळगुळीत गोळा फिरतो. शेवटी ज्यांचं वावर त्यांनीच ट्रॅक्टर आणला. साखळी पुढून लावली आणि ढिली ठेवून तीन झटके दिले. तिसऱ्या झटक्याला गाडी निघाली, तेव्हा मागून "कडाड" असा एकच आवाज आला. साखळीचाच असेल असं वाटलं. पुढे नाल्यात पाणी हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या वर होतं. ट्रॅक्टर माझ्यापुढे होता, तो काठ चढेपर्यंत मी दोन मिनिटं पाण्यातच उभा राहिलो.

डांबरी लागल्यावर जे ऐकलं ते असं. पुढून उजवीकडून "खर्रर्र", पत्र्यावर खडू ओढल्यासारखा, ब्रेक हलकाच दाबला की बदलतो. साठच्या पुढे सगळी गाडी थरथरते, स्टिअरिंगपेक्षा सीट जास्त. कन्हानला सिग्नलवरून उचलताना मागून "खट्ट", एकदाच. थांबताना अगदी शेवटच्या हातभर अंतरात पुन्हा "खट्ट". आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग बोटभर डावीकडे धरावं लागतं, पण नेहमी नाही. हे चिखलामुळे असेल.

२५ ऑगस्ट, रविवार

आधी पाना हातात घेतला नाही, फक्त धुतली. दोन तास.

चाकांच्या आतल्या बाजूला पाण्याचा फवारा मारला. मागच्या दोन्ही रिममधून मिळून घमेलंभर गारा निघाला. आतल्या कडेला तो विटेसारखा वाळला होता, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. व्हील बॅलन्सिंगवाला वीस-तीस ग्रॅमचं शिसं लावून चाक सरळ करतो, आणि इथे अर्धा किलो माती एकाच अंगाला चिकटलेली. साठला थरथरणार नाही तर काय होईल? धुतल्यावर उमरेड रोडला ऐंशीपर्यंत नेली. थरथर पार गेली.

"खर्रर्र" साठी आधी मोजणी केली. या टायरची एक फेरी सव्वादोन मीटरच्या आसपास. दहाच्या वेगाला गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला एक-सव्वा फेरी घेतं. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा, त्याच्या चौपट फिरतो. भाचा मोबाईल घेऊन पुढच्या चाकाबरोबर धावला, रेकॉर्डिंग करून आवाजाची लय मोजली. दहा सेकंदांत बारा वेळा. म्हणजे आवाज चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूचा, शाफ्टचा नाही. एवढ्या मोजणीनं गाडीचा अर्धा खालचा भाग संशयातून सुटतो, आणि त्याला खर्च शून्य.

चाक काढलं. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं संरक्षण असतं, त्या पत्र्यात आणि डिस्कमध्ये वाटाण्याहून थोडा मोठा पांढरा खडा अडकला होता. गारगोटी. काटोल-कळमेश्वरकडे आपल्याला काळा बेसॉल्टच दिसतो, पण रामटेक-पारशिवनीचा दगड वेगळा आणि फार जुना, त्यात गारगोटीच्या शिरा. गारगोटी डिस्कच्या बिडापेक्षा कठीण असते. एवढ्याशा खड्यानं सत्तर किलोमीटरमध्ये डिस्कवर नखाला लागेल अशी गोल रेघ पाडली होती. पत्रा पेचकसनं जरा मागे वाकवला, खडा आपोआप खाली पडला. रेघ उथळ आहे, पॅड तिच्यावर बसतील.

राहिला "खट्ट".

२७ ऑगस्ट, मंगळवार

एका वर्कशॉपमध्ये दाखवली. गाडी आवारातच एकदा पुढे, एकदा मागे घेऊन पाहिली आणि निदान झालं : डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारा दात्यांचा गोळा. त्यातल्या क्राऊन-पिनियन या दात्यांच्या जोडीत प्ले (ढिलेपणा) आलाय, खोलावं लागेल, अंदाज तीस हजारांच्या आसपास. गाडी वर उचलली नाही, खाली कुणी वाकलं नाही.

त्यांचं चुकलंच असं आज मी म्हणू शकत नाही. आवाज मागून येतो, गिअर उलटला की येतो, डिफरन्शियलचा प्लेही असाच वाजतो. पण युनिव्हर्सल जॉइंटचा, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेला तरी असाच वाजतो, कमानीचे बुश गेले तरी, गिअरबॉक्सचं माउंटिंग फाटलं तरी. चार कारणांचा आवाज एक असेल तर कानावर भागत नाही, हात लावावा लागतो. गाडी परत आणली.

२८ ऑगस्ट, बुधवार. मीटर १,४७,२९१

संध्याकाळी दोन तास फक्त "खट्ट" साठी दिले. अंगणात उजेड कमी, म्हणून वायर ओढून दिवा गाडीखाली लावला.

पहिलं, क्रॉस. पुढच्या चाकांना ठोकळे लावले, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. गाडीखाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी धरला आणि जॉइंटच्या अलीकडे-पलीकडे उलटसुलट पिळला. गेलेल्या क्रॉसला इथेच टकटक जाणवते, आणि कपांच्या कडेला लाल भुकटी दिसते, ग्रीस संपून लोखंड लोखंडाला घासल्याची. माझ्याकडे दोन्ही नाही. तरी ग्रीसगन लावलीच. जुनं काळं ग्रीस चारही कपांतून बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. पाण्यात उतरलेल्या गाडीला हे तसंही करायचंच असतं.

दुसरं, डिफरन्शियलचा प्ले. मागची दोन्ही चाकं धरून ठेवली आणि पिनियनच्या फ्लॅंजवर व हाउसिंगवर एकाच ओळीत खडूची खूण केली. फ्लॅंज एकीकडे टेकेपर्यंत फिरवली, मग दुसरीकडे. खुणेत फरक पडला तो चार मिलीमीटरच्या आत. एवढा तर हवाच, दात एकमेकांत अगदी घट्ट बसवले तर तेल कुठून जाणार! मागच्या वर्षी तेल बदलताना मीच हा प्ले पाहिला होता, तेव्हाही एवढाच होता.

तिसरी परीक्षा भाच्याने सुचवली, आणि हीच कामाची निघाली. तो म्हणाला, "मामाजी, आपण नुसतं ऐकूनच रायलो, पाहून कोणी रायलं नाई." हँडब्रेक पूर्ण ओढला, पहिला गिअर टाकला आणि क्लच अगदी हळू, इंजिन जड होईपर्यंत सोडला. मग रिव्हर्समध्ये तसंच. गाडी जागेवर, पण मागचा अॅक्सल (दोन्ही चाकांचा आस) ताण घेतो. कुणी गाडीच्या पुढे-मागे उभं राहायचं नाही, म्हणून मोबाईल विटेला टेकवून डाव्या मागच्या चाकाशेजारी जमिनीवर ठेवला आणि भाचा बाजूला, पायरीवर.

व्हिडिओ संथ करून पाहिला. "खट्ट" झाला त्या क्षणी चाक फिरलं नाही, सरकलं. चाकाचा मध्य चाकावरच्या अर्धगोल पत्र्याखाली पुढे गेला, रिव्हर्सला मागे आला. उजव्या बाजूला हेच करून पाहिलं, तिथे काही नाही.

मग दिवा घेऊन डाव्या कमानीशी पडून राहिलो. कमानीचे पाटे सगळे गंजलेले, मातकट. पण अॅक्सलच्या बैठकीला जिथे सर्वांत खालचा पाटा टेकतो, तिथे बोटभर रुंदीचा पट्टा नव्या चमच्यासारखा चकाकत होता. त्याच्या दोन्ही कडांना तांबडी भुकटी, तेलाबरोबर मळून शेंदरासारखी झालेली. लोखंड इथे रोज घासलं जातंय. बोट फिरवलं तर चकाकत्या भागाला खरवड नाही, पॉलिश केल्यासारखा गुळगुळीत. हा पट्टा चार दिवसांत झाला.

१ सप्टेंबर, रविवार

मोजमाप केलं. घरातला ओळंबा घेतला. कमानीच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टातून जमिनीवर एक ठिपका, अॅक्सलच्या मध्यावरून दुसरा. दोन्ही बाजूंना तसंच. गाडी रिव्हर्स घेऊन उभी केली होती तेव्हा डावीकडचं अंतर उजवीपेक्षा १२ मिलीमीटर जास्त. मग गल्लीतून पुढे नेऊन, ब्रेक न मारता हळूच थांबू दिली, पुन्हा मोजलं : ५ मिलीमीटर.

अॅक्सलची डावी बाजू कमानीवर सरकतेय. उचलताना पुढे, थांबताना मागे. "खट्ट" तोच.

आणि २४ तारखेची शेवटची ओळ आता कळली. अॅक्सल डावीकडून मागे राहिला की मागची चाकं किंचित डावीकडे तोंड करतात. गाडी सरळ न्यायची तर पुढच्यांनाही तेवढंच डावीकडे ठेवावं लागतं. स्टिअरिंग बोटभर डावीकडे धरावं लागत होतं, आणि "पण नेहमी नाही" हे सुद्धा बरोबर होतं, कारण अॅक्सल नेहमी एका जागी नव्हता. मी हे पहिल्याच रात्री लिहिलं आणि चिखलाच्या नावावर टाकून आठवडाभर विसरलो. लिहिलेलं पुन्हा वाचायला पाहिजे होतं.

गाडी उभी. या अवस्थेत माल घेऊन जाणार नाही. दोन गिऱ्हाइकांना फोन करून पुढची तारीख दिली.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा, आज तान्हा पोळा आणि मारबत. दुकानं बंद. भाचा काळी-पिवळी मारबत (ईडा-पीडा घालवायला मिरवत नेतात ते पुतळे) पाहायला इतवारीत गेला. "ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणताना गाडीचाही नंबर घेतला म्हणे. मीही मनातून म्हटलं.

५ सप्टेंबर, गुरुवार. मीटर १,४७,३३०

वाडीला कमानीवाल्याकडे नेली. रिंग रोडनं, चाळीसच्या वर न जाता. अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगेत माझी गाडी लहान मुलासारखी दिसत होती. काकाजींचं वय सत्तरीच्या घरात. त्यांनी आवाज ऐकायला मागितलाच नाही. सरळ खाली बसले, चकाकता पट्टा पाहिला आणि म्हणाले, "सेंटर बोल्ट गेला जी तुमचा."

कमानीचे सगळे पाटे एका उभ्या बोल्टनं मधोमध धरलेले असतात. त्या बोल्टचं डोकं अॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं, त्यामुळे अॅक्सल कमानीवर कुठे बसायचा ती जागा ठरते. वरून दोन यू बोल्ट सगळ्याला आवळून धरतात. गाडी चेसिसखाली स्टँडवर घेतली, अॅक्सलखाली जॅक दिला, यू बोल्ट सोडले. अॅक्सल जरा खाली केल्याबरोबर बोल्टचं डोकं टपकन खाली पडलं. उचलून पाहिलं. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गंजाचा. उरलेला, नखाएवढा, राखाडी आणि रवाळ, ताजा. म्हणजे बोल्टला चीर फार आधीची होती. ट्रॅक्टरच्या तिसऱ्या झटक्यानं फक्त उरलेलं तोडलं. तो "कडाड" साखळीचा नव्हता.

मी म्हटलं, बोल्ट तुटल्यामुळे यू बोल्ट ढिले पडले असतील. काकाजी थांबले, पाना खाली ठेवला. "उलटं सांगून रायले भाऊ तुम्ही. यू बोल्ट ढिले होते म्हणून सेंटर बोल्ट तुटला. भार यू बोल्टानं घ्यायचा असते, सेंटर बोल्टानं नुसती जागा दाखवायची. तुम्ही त्याच्याकडून हमालाचं काम करून घेतलं."

मग त्यांनी विचारलं, वरचा पाटा कधी टाकला? दोन वर्षांपूर्वी, जास्त वजनासाठी, दुसरीकडे टाकून घेतला होता. नंतर यू बोल्ट पुन्हा आवळले का? नाही. कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. नवा पाटा टाकला की वरचा रंग, गंज, दोन पाट्यांमधली माती दबत जाते. थर केसाएवढा कमी झाला तरी बोल्टचा ताण उतरतो. म्हणून थोडं चालवून पुन्हा आवळणं हे कामाचाच भाग आहे, वरची मेहेरबानी नाही. दोन वर्षं मी त्या गाडीवर माणसं बसवली आणि माल वाहिला.

नवा सेंटर बोल्ट दोन्ही बाजूंना टाकला. यू बोल्टही चारही नवे, कारण एकदा ताणून बसलेला यू बोल्ट दुसऱ्यांदा तसा धरत नाही. काकाजी जुने परत लावतच नाहीत. अॅक्सलची बैठक आणि पाटे तारेच्या ब्रशनं कोरडे केले, रंग किंवा ग्रीस मध्ये ठेवलं नाही. नट आडव्या-तिडव्या क्रमानं थोडे थोडे आवळले, आणि शेवटची आवळणी गाडी चाकांवर उतरवून, पूर्ण वजन आल्यावर. शॅकलचे (कमानीच्या टोकाच्या झुलत्या पट्ट्यांचे) बोल्टही तसेच, वजनावर. हवेत आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत धरले जातात आणि लवकर फाटतात.

परत आल्यावर ओळंबा : दोन्हीकडे सारखं, मोजपट्टीला दिसेल असा फरक नाही. "खट्ट" नाही. स्टिअरिंग सरळ.

८ सप्टेंबर, रविवार. मीटर १,४७,४१८

काल गणपती बसले. आज रिकामी गाडी घेऊन निघालो आणि कानाला वेगळंच लागलं. "हूंऽऽ", दुरून विमान गेल्यासारखं. हे आधी होतं की नव्हतं? "खट्ट" च्या नादात त्याच्याकडे लक्ष गेलं नसेल, किंवा या दोन आठवड्यांत नवंच तयार झालं असेल.

शहरात हे ठरवणं अवघड आहे. नागपूरचे सिमेंट रस्ते स्वतःच गातात. पाणी निघून जावं म्हणून वर आडव्या रेघा ओढलेल्या असतात, त्यांवर जाड नक्षीचा टायर एकसुरी घुमतो. सक्करदऱ्यापासून दिघोरीपर्यंत घुमणं चालू. म्हणून पांचगावच्या पुढे, डांबरावर नेली. टायरचा आवाज असता तर रस्ता बदलला की बदलला असता. हा तसाच राहिला.

तिथून मिहानला. रस्ते रुंद, रविवारी मोकळे. साठवर अॅक्सिलरेटर सोडला, दाबला, पुन्हा सोडला. आवाज तोच. डिफरन्शियलचे दात गात असते तर भार आला-गेला की सूर बदलला असता. मग हळूच डावीकडे लांब वळण घेतलं, "हूंऽऽ" चढला. उजवीकडे घेतलं, जवळजवळ बंद. डाव्या वळणाला गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. उजवीकडचं बेअरिंग.

पुढचं की मागचं, हे केबिनमध्ये बसून सांगता येत नाही. मी पैज लावली असती तर पुढचं म्हटलं असतं, आवाज अगदी पायाशी ऐकू येत होता. भाचा डाल्यात बसायला तयार होता, पण चालत्या गाडीत मी त्याला मागे बसू दिलं नाही. घरी येऊन एकेक चाक उचललं. डावा हात चाकावर, उजवा कमानीवर किंवा सस्पेन्शनच्या हातावर, चाक जोरात फिरवायचं. पुढचं उजवं : पाणी वाहावं तसं. मागचं उजवं : कमानीत हाताला बारीक खरखर, बाजरी दळताना जात्याच्या खुंट्याला येते तशी. आवाज चेसिसच्या लोखंडातून पुढे चालत माझ्या पायाशी येत होता.

१० सप्टेंबर, मंगळवार

मागचा उजवा ड्रम काढला, बॅकिंग प्लेटचे चार नट सोडले, अॅक्सल शाफ्ट ओढून बाहेर घेतला. उजवी बाजू उंच ठेवली होती, म्हणजे डिफरन्शियलचं तेल डावीकडे जाईल. तरी थोडं ओघळलं.

ते तेल पाहून मी खाली बसलो. काळं-सोनेरी असायला पाहिजे ते साय आलेल्या चहासारखं. बोटांत चोळलं तर चिकट नाही, पातळ, आणि उजेडात धरलं तर बारीक बुडबुडे. पाणी.

बेअरिंगमधलं ग्रीसही तसंच, तपकिरी. बाहेरची रिंग पुसली तर धावपट्टीवर आडव्या काळ्या डागांची रांग, सारख्या अंतरावर. रोलर जिथे जिथे टेकून उभे होते तिथे तिथे पाण्यानं खाल्लं. गाडी चालत राहिली असती तर कदाचित ग्रीस फिरत राहिलं असतं. मी "खट्ट" साठी ती उभी ठेवली आणि पाण्याला निवांत वेळ मिळाला.

पाणी आत कसं गेलं? अॅक्सलच्या नळीवर एक छोटी टोपी असते, ब्रीदर. अॅक्सल तापला की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर जाते, थंड झाला की आत येते. माझी टोपी काढली तर वाळलेल्या काळ्या मातीनं सिमेंटसारखी बंद. त्या दिवशी अर्धा तास चाकं फिरवून अॅक्सल गरम झाला होता, आणि लगेच नाल्याच्या थंड पाण्यात दोन मिनिटं उभा. आतली हवा आकसली, ब्रीदर बंद, म्हणून तिनं जिथून जमेल तिथून ओढून घेतलं. चाकाकडचं उजवं सील कडेला झिजलेलं होतं. तिथून आलेलं पाणी आधी बेअरिंगमध्ये गेलं, मग आत.

वर्कशॉपवाले "डिफरन्शियल" म्हणाले होते. त्यांनी खोललं असतं तर हे पाणी त्यांनाही दिसलं असतं, पण क्राऊन-पिनियन बदलून "खट्ट" तसाच राहिला असता.

१३ सप्टेंबर, शुक्रवार. मीटर १,४७,४४०

बेअरिंग लेथवाल्याकडे प्रेसवर बसवलं. बेअरिंग जागेवर धरणारी जुनी कॉलर त्याने ग्राइंडरनं अर्धी कापून छिन्नीनं फोडली, शाफ्टला चरा न पाडता. त्याच्या हाताची सफाई पाहण्यासारखी आहे. नवं बेअरिंग आधी, कॉलर नंतर, वेगवेगळ्या दाबात. दोन्ही एकदम दाबले तर कॉलरचा जोर बेअरिंगवर येतो. गॅसची ज्योत त्यानं जवळही आणली नाही.

सील दोन्ही बाजूंचे नवे. डाव्या बाजूचं बेअरिंग स्वच्छ होतं, ठेवलं.

डिफरन्शियलचं तेल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकाला राखाडी मलम, बारीक, बोटांत विरघळणारं. ते चालतं. कण किंवा कपची असती तर गोष्ट वेगळी होती. साधं नवं तेल भरून दहा किलोमीटर चालवलं, काढलं, अजूनही धुरकट. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं, आता स्वच्छ. मग कायमचं ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ गिअर तेल. दोन वेळचं तेल वाया गेलं असं वाटेल, पण दातांच्या कोपऱ्यांत राहिलेलं पाणी एका वेळी निघत नाही. पुढचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सचे प्लगही उघडून पाहिले. तिन्ही ठिकाणी तेल नितळ.

ब्रीदरची टोपी काढून टाकली. तिथे पितळी निपल, त्यावर तेल सहन करणारी नळी, चेसिसला धरून वर डाल्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत नेली, टोक खाली वाकवलं आणि त्याला लहान जाळी. नळी कुठे ताणली जाणार नाही एवढी सैल ठेवली, कारण अॅक्सल वर-खाली होतो. पुढच्या अॅक्सलचंही तसंच केलं. एकूण साडेतीनशे रुपये आणि एक संध्याकाळ.

मिहानला पुन्हा तीच वळणं. डावीकडे शांत, उजवीकडे शांत.

२२ सप्टेंबर, रविवार. मीटर १,४७,८५६

शुक्रवारी पुन्हा त्याच पांदणीला गेलो, नव्या मोटरचं स्टार्टर बघायला. नाल्यात आता पाणी घोट्याएवढंच. उतरण्याआधी पाच मिनिटं काठावर गाडी थंड होऊ दिली. ट्रॅक्टरवाल्या भाऊंना तुटलेला बोल्ट दाखवला. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला, म्हणाले, "आता ढिली साखळी लावून झटका नाई देणार जी, ताणून मगच ओढीन." चहा पाजला.

आज सकाळी यू बोल्ट पुन्हा आवळले. बोल्ट बदलून पाचशेच्या वर किलोमीटर झाले. गाडी चाकांवर, रिकामी, टॉर्क रेंच (ठरलेल्या ताणाला टिक वाजणारा पाना) पुस्तकातल्या आकड्यावर. उजवीकडचे चारही नट लगेच टिकटिकले. डावीकडचे मागचे दोन तसेच. डावीकडचे पुढचे दोन पाव पाव फेरी फिरले, मग टिकटिकले. प्रत्येक नटावर आणि प्लेटवर पिवळ्या रंगाची एकच सरळ रेघ ओढली, म्हणजे हलला तर वाकूनच दिसेल. ओळंबा : दोन्हीकडे सारखं. डिफरन्शियलच्या लेव्हल प्लगमधून बोट घातलं, तेल सोनेरी.

पुढची आवळणी १,४८,८५० ला. केबिनच्या सनशेडवर लिहून चिकटवलं.